पाय धरणे आणि पट काढणे

मंडळी, या विकांताला पुस्तक नाही, सिनेमा नाही, हापिसातल्या गमतीजमती नाहीत. या वेळी तंगड्या. म्हणजे समोरच्याची तंगडी धरून त्याला खाली कसं आणायचं, आणि गेल्या आठ-नऊशे वर्षांत माणसांनी त्याबद्दल काय काय नियम केले, त्याची गोष्ट. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी शेवटची अंगाला अंग भिडवणारी मारामारी चौथीत केली असेल. हरकत नाही, तेवढा अनुभव पुरतो.

सुरुवात आमच्या गावच्या जत्रेपासून. जालना जिल्हा, अंबड तालुका. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फड लागायचा. नावाजलेल्या जोडी संध्याकाळी, त्याआधी पोरासोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या. जिंकणाऱ्याला ओंजळभर रेवड्या आणि हरणाऱ्यानं भोकाड पसरू नये म्हणून त्यालाही चिमूटभर. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. माझी जोड लावली चुलतभावाशी, जो माझ्याहून वीतभर उंच. हलगी सुरू झाली, मला काही सुचेना. मी सरळ खाली बसलो आणि त्याच्या उजव्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारली. तो माझ्या पाठीवर रेलला. मी सोडेना, तो पडेना. फड हसायला लागला. शेवटी वस्ताद जवळ आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाय कामून धरतो रे लेका? माफी मागायला का त्याची? पट काढ, पट!"

पट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मिनिटाभरात माझी पाठ मातीला लागली. पण ते वाक्य डोक्यात राहिलं, कारण त्यात एक नेमका भेद आहे. आपल्या भाषेत पायाशी जोडलेली बहुतेक कामं कमीपणाची. पाय धरणे म्हणजे गयावया. पाय ओढणे म्हणजे दुसऱ्याचं बरं न बघवणे. पायात पाय घालणे म्हणजे आडवं येणे. आणि आखाड्यात पैलवान शंभरदा हेच करतो, पण तिथं त्याला वेगळं नाव आहे. पट. एका पायावर हल्ला केला तर एकेरी पट, दोन्ही पायांवर केला तर दुहेरी पट. आणि पट 'धरत' नाहीत, 'काढतात'.

मी केलं ते आणि पट, यांत फरक कुठे? मी समोरच्याच्या वजनाखाली जाऊन बसलो होतो. पट काढणारा खाली जातो, पण त्याच झटक्यात पुढेही जातो. गुडघ्यात वाकून तो समोरच्याच्या हातांखालून आत शिरतो, डोकं वर आणि बरगड्यांना चिकटलेलं, खांदा मांडीवर, हात गुडघ्याच्या मागे. मग ढकलायचं वरून आणि ओढायचं खालून. उभा माणूस म्हणजे दोन खांबांवरची पाण्याची टाकी. टाकीशी झटण्यात अर्थ नाही, एक खांब हलवला की बाकीचं काम पृथ्वी करते. डोकं खाली गेलं की मात्र संपलं, मानेवर अख्खा माणूस येतो. स्वानुभव. :-)

पाडण्याचे प्रकार जगात कितीही असोत, ढोबळमानानं तीन घराणी करता येतात. पहिलं, हातानं पाय पकडून पाडणे. आपले पट याच घराण्यातले. दुसरं, पायानं पाय अडकवून पाडणे. आतली टांग, बाहेरची टांग, आकडी. तिसरं, पायाला फारसा हात न लावता कंबर, खांदा, मान यांच्या जोरावर फेकणे. ढाक आणि धोबीपछाड. प्रत्येक देशाच्या कुस्तीत तिन्ही घराणी कधी ना कधी होती असं म्हणायला जागा आहे, कारण माणसाचं शरीर सगळीकडे सारखंच. फरक पडला तो नियमांनी. आणि नियमांचं सगळ्यात जास्त भांडण झालं ते पहिल्या घराण्यावरून.

जुन्या गोष्टीत आपल्याकडे पहिला नंबर जरासंधाचा. भीमानं त्याचे दोन पाय धरून उभा चिरला, ही गोष्ट कीर्तनातून आणि टीव्हीतून सगळ्यांना माहीत. कुस्तीच्या चार जुन्या पद्धती सांगतात त्यांत हनुमंती, जांबुवंती, भीमसेनी यांच्याबरोबर जरासंधी आहे, आणि ती हातपाय जखडण्याची, मोडण्याची म्हणून ओळखली जाते. म्हणजे पाय चिरून मेलेल्या माणसाच्या नावानं पायमोड डावांची पद्धत. आपल्या पूर्वजांची विनोदबुद्धी बरी होती.

कागदावरचा भक्कम पुरावा मात्र १२व्या शतकातला, आणि तोही आमच्या शेजारचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११३१च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यात. मराठवाडा तेव्हा याच राजवटीत. या ग्रंथात स्वयंपाकापासून हत्ती पकडण्यापर्यंत सगळं आहे आणि 'मल्लविनोद' नावाचं एक प्रकरण आहे. त्यात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल असे वर्ग पाडलेत, त्यांचा व्यायाम आहे, राजाच्या खर्चानं द्यायचा खुराक आहे, पकडी आहेत. आज आपण वजनगट म्हणतो त्याच्या जवळ जाणारा हा विचार. मला यातली गंमत अशी वाटते की राजाला हा 'विनोद' आहे. त्याला निकाल बघायचाय, रंगलेली लढत बघायचीय. खेळाचे नियम खेळणाऱ्यापेक्षा बघणारा ठरवतो, हे तेव्हापासून चालू आहे.

पुढे फारसी आली. कुस्ती हा शब्दच फारसी. पैलवान फारसी, वस्ताद म्हणजे उस्ताद, जोर मारतो तो 'जोर' फारसी, हात खेचण्याची 'दस्ती' म्हणजे दस्त, हात. तालीम अरबी. आखाडा, मल्ल, लंगोट आपले. ऐन-इ-अकबरीत अकबराच्या दरबारात इराणी आणि तुराणी पैलवान असल्याची नोंद आहे, तेव्हा हे मिश्रण शब्दांपुरतं नव्हतं, अंगाला अंग लागून झालं होतं. इराणमध्ये आजही एकेरी पटाला 'झीर-ए-यक-खम' म्हणतात, दुहेरीला 'झीर-ए-दो-खम'. एक आणि दोन, अगदी आपल्यासारखीच मोजणी. आणि २०१२ला लंडनमध्ये योगेश्वर दत्तनं उत्तर कोरियाच्या मल्लाचे दोन्ही घोटे एकमेकांत अडकवून त्याला लाटण्यासारखं गरागरा फिरवलं आणि ब्राँझ जिंकलं, ते आठवतंय? त्या डावाला आपण फितेले म्हणतो. इराणी त्याला 'फितीले-पीच' म्हणतात. फतीला म्हणजे दिव्याची वात. पाय वातीसारखे वळायचे. आपला मराठी 'पलिता' याच शब्दाचा भाऊ. हे कळलं तेव्हा मी दहा मिनिटं एकटाच खूश होतो.

आमच्या जिल्ह्याचं या सगळ्यात एक योगदान सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. समर्थ रामदासांचा जन्म १६०८चा, गाव जांब, आज तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. त्यांनी स्थापलेले अकरा मारुती सातारा, सांगली, कोल्हापूरकडे आहेत, आणि त्यामुळे समर्थ म्हटलं की लोकांना सज्जनगड आठवतो. पण गावोगाव मारुती आणि मारुतीपुढे तालीम हे चित्र ज्याच्या नावाशी जोडलं जातं तो माणूस गोदावरीच्या आमच्या काठचा. असो, जिल्हाभिमान संपला.

उत्तर पेशवाईत निजामाकडून अली आणि गुलाब असे दोन पैलवान पुण्याला आले आणि त्यांनी सगळ्यांना आव्हान दिलं, अशी कथा आहे. कोवळ्या वयाच्या बाळंभटदादा देवधरांनी ते घेतलं, सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन तयारी केली, परत येऊन अलीला पाडलं आणि मल्लखांब पुन्हा सुरू केला. पुणेकर ही कथा सांगताना 'आपण' आणि 'ते' असं सांगतात. जालना तर १९४८पर्यंत निजामाच्याच राज्यात, त्यामुळे ही कथा ऐकताना मी नक्की कुठल्या बाजूला बसायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मल्लखांब हा आपल्या विषयासाठी महत्त्वाचा. तो न हलणारा जोडीदार आहे. त्याच्यावर 'अढी' घालायला शिकतात, म्हणजे पायांची कैची करून खांब जखडायला. हातांइतकी पकड पायांना असली पाहिजे हा विचार त्यात आहे. दुसऱ्या घराण्याची शाळाच म्हणा.

आता मुख्य मुद्द्याकडे. मातीतल्या कुस्तीत जिंकणं म्हणजे एकच गोष्ट, चितपट. खांदे मातीला लागले पाहिजेत. तोवर तुम्ही समोरच्याला वीस वेळा खाली आणा, हिशेबात शून्य. इथं पट म्हणजे नुसता दरवाजा उघडणं. आत शिरून मग घिस्सा, सवारी, मोळी, जे काय असेल ते लावून पलटी मारावी लागते, आणि समोरचा पालथा पडून राहिला तर दिवस मावळतो.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १० सप्टेंबर १९१०, लंडन. गामा विरुद्ध पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. २५० पौंडांचं इनाम आणि 'जॉन बुल' पट्टा. गामानं पहिल्या मिनिटातच झिबिस्कोला खाली आणलं. आणि मग झिबिस्को उठलाच नाही. चारी हातपाय टेकून, पोट गादीला चिकटवून तो अडीच तासांहून जास्त वेळ तसाच राहिला. गामाला त्याला पलटता आलं नाही. कुस्ती बरोबरीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढत ठरली, झिबिस्को फिरकलाच नाही, पट्टा गामाला मिळाला. १९२८ला पतियाळात दोघं परत भेटले तेव्हा गामानं त्याला मिनिटाच्या आत चीत केलं.

लंडनच्या त्या लढतीत आजचे ऑलिंपिकचे नियम लावून बघा. पहिल्याच मिनिटाला गामा २-०. मग झिबिस्कोला उठावंच लागलं असतं, आणि उठला असता तर काय झालं असतं ते पतियाळानं दाखवलं. एका नियमाच्या फरकानं एकाच घटनेचे दोन इतिहास होतात.

हा फरक अंगावर घेणारा आपला माणूस म्हणजे खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. मातीत वाढलेले, ढाक लावण्यात हातखंडा. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीची सवय नव्हती, तिथं अमेरिकेच्या रीस गार्डनरनी त्यांना तयार केलं, आणि ते सहावे आले. १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ. तिथं ज्या जपानी मल्लाशी ते हरले आणि ज्यानं सुवर्ण घेतलं तो शोहाची इशी. हा इशी मूळचा ज्यूदोवाला. युद्धानंतर अमेरिकनांनी जपानी शाळांतून ज्यूदो बंद केला, तेव्हा तिकडची बरीच पोरं कुस्तीकडे वळली. म्हणजे साताऱ्याच्या मातीतला ढाकवाला आणि कपडा धरून फेकणारा जपानी, दोघंही परक्या गादीवर परक्या नियमांनी लढत होते.

ज्यूदोचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती सांगून टाकतो. २०११मध्ये, पुण्यात. दिवसभर खुर्चीत बसून पोट सुटायला लागलं म्हणून मी संध्याकाळी एका ज्यूदोच्या वर्गाला जायला लागलो. पाच-सहा महिन्यांनी दुसऱ्या एका वर्गाशी मैत्रीपूर्ण सामने ठरले. समोर माझ्याच वजनाचा एक बँकवाला. सुरुवात झाली, त्यानं गळपट्टीला हात घातला, आणि माझ्या अंगात गावची जत्रा संचारली. खाली, आत, खांदा, गुडघ्यामागे हात, दुहेरी पट. बँकवाला पाठीवर. मी दोन्ही हात वर करून उभा. पंचांनी मला झुकून नमस्कार करायला लावला आणि बाहेर काढलं. हानसोकु-माके. बाद.

झालं असं होतं की २०१०मध्ये आंतरराष्ट्रीय ज्यूदो महासंघानं पायावर हातानं थेट हल्ला करायला बंदी घातली होती. पहिल्याच गुन्ह्याला बाद. २०१३मध्ये तर कंबरेखाली हात लावणंच बंद झालं. कारणं दोन दिली जातात. एक म्हणजे सोव्हिएत पठडीतून आलेले खेळाडू कुस्तीसारखे वाकून, पाय पकडत लढायचे, त्यामुळे उभं राहून होणारी देखणी फेक मागे पडत होती. दुसरं म्हणजे ऑलिंपिकमध्ये ज्यूदो आणि कुस्ती वेगळे दिसले पाहिजेत. या बंदीत मोरोते-गारी, म्हणजे सरळसरळ आपला दुहेरी पट, गेला. तो कोदोकाननं १९८२मध्येच मान्यताप्राप्त यादीत घेतला होता, तीस वर्षंही टिकला नाही. पण खरी मजा काता-गुरुमाची आहे. माणूस खांद्यावर आडवा घेऊन टाकायचा, आपला कलाजंगच. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी तो पाश्चात्य कुस्तीचं पुस्तक चाळून, एका धिप्पाड सहाध्यायाला पाडण्यासाठी बसवला असं सांगतात. त्यात एक हात मांडीत घालावा लागतो. म्हणजे २०१३नंतर खुद्द कानोंनी स्वतःचा काता-गुरुमा मूळ रूपात मारला असता तर त्यांनाही माझ्यासारखंच नमस्कार करून बाहेर जावं लागलं असतं. मला बरं वाटलं.

बाकीच्या जगात थोडक्यात फिरून येऊ. मंगोलिया देशात पाय पकडायला मुभा आहे, सीमेपलीकडे चीनमधल्या इनर मंगोलियात हातानं पाय धरायचा नाही. एकच वंश, एकच खेळ. जपानी सुमोच्या ८२ अधिकृत विजयी डावांत अशितोरी म्हणजे एकेरी पट आहे, आणि तो चिमुकल्या (म्हणजे शंभर-सव्वाशे किलोच्या) मल्लांचं हत्यार आहे. ग्रीको-रोमन कुस्ती ना ग्रीक ना रोमन. १९व्या शतकात फ्रान्समध्ये घडली आणि तिनं कंबरेखालचं सगळं वर्ज्य केलं. आणि आपल्याकडे कबड्डी. घोटा पकडणे, मांडी पकडणे, हे पटच आहेत, फक्त समोरचा श्वास रोखून पळतोय आणि मदतीला सहा जण आहेत. कबड्डीतल्या कोपरारक्षकाला कुणी कधी 'पाय काय धरतोस' म्हणत नाही.

फ्रीस्टाइलनं मात्र पायाला राजा केलं. कधीकधी हास्यास्पद थराला नेऊन. २००५ ते २०१३ या काळात नियम असा होता की फेरी शून्य-शून्य संपली तर पिशवीतून लाल किंवा निळा चेंडू काढायचा. ज्याचा रंग निघेल त्याच्या हातात समोरच्यानं आपला पाय द्यायचा, आणि तिथून ३० सेकंदांत गुण काढायचा. पाय देणं, आणि तेही चिठ्ठी टाकून! फेब्रुवारी २०१३मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं २०२०पासून कुस्ती वगळायची शिफारस केली तेव्हा सगळे घाईघाईनं जागे झाले. चेंडू गेला, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आल्या, आणि खाली आणण्याचे गुण एकावरून दोन झाले. सप्टेंबरमध्ये कुस्ती परत आली. पटाचा भाव एका रात्रीत दुप्पट. शेअर बाजारात असं झालं असतं तर चौकशी लागली असती.

आता चुलतभावाबद्दल. जत्रेत मला पाडल्यावर तो पुढे खरंच पैलवान झाला. दहावीपर्यंत गावच्या तालमीत, लाल मातीत. ताकद दांडगी, घाई नाही, समोरच्याला थकवून थकवून मग घिस्सा. साधारण १९९९ला तो पहिल्यांदा शालेय स्पर्धेला गेला आणि पहिल्यांदा गादीवर चढला. मातीत पाय रुततो, पुढे शिरणाऱ्याचा गुडघा अडतो. शिवाय समोरच्याच्या लंगोटाला हात घालून पट थोपवता येतो. गादीवर गुडघा घसरत आत येतो आणि कपडा धरायला मनाई. शहरातल्या एका बारीक पोरानं त्याचा एकेरी पट काढला. एक गुण. पंचानं दोघांना उठवलं. परत पट. परत उठवलं. सहा-शून्य. भाऊ दम धरून होता, त्याला वाटत होतं की खरी कुस्ती अजून सुरूच व्हायचीय. तेवढ्यात वेळ संपली.

त्यानंतर तो स्पर्धेला गेला नाही. आजही म्हणतो, "माझी पाठ लागली नाही. मी हरलो कुठं?" आणि त्याच्या नियमांनी ते खरं आहे. वीस वर्षं मी यावर त्याच्याशी वाद घालत आलो की अरे, नियम समजून घेऊन खेळायला नको का. आता हा लेख लिहिताना मला जरा अपराधी वाटतंय, कारण बँकवाल्याला आडवा पाडून बाद झालो तेव्हा मीही रूमवर येऊन हेच म्हणालो होतो.

मराठवाड्यातली पोरं गादीवर कमी पडतात असंही नाही. लातूरचे हरिश्चंद्र बिराजदार १९७०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेऊन आले. त्यांच्या तालमीत तयार झालेला बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१९ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत ब्राँझ घेऊन आला. पण त्यासाठी पुणं गाठावं लागतं. गावात माती फुकट असते, गादीला लाखांत पैसे पडतात.

डिसेंबर २०१८मध्ये महाराष्ट्र केसरी आमच्या जालन्यात झाली. मी पुण्याहून गेलो, भाऊ गावाहून आला. अंतिम लढत माती विभागातून आलेला बुलढाण्याचा बाला रफिक शेख आणि गादी विभागातून आलेला पुण्याचा अभिजित कटके यांच्यात. मी मनात धरून चाललो होतो की गुणांची लढत आहे, गादीवाला जिंकणार. बाला रफिक ११-३नं जिंकला. माझी थिअरी तिथंच चितपट. भाऊ काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघून हसला आणि शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

गेल्या दिवाळीत त्याच्याकडे गेलो होतो. त्याचा धाकटा आता दहा वर्षांचा. ओसरीत दोन जुन्या कापसाच्या गाद्या जोडून अंथरल्या होत्या आणि पोरगं थोरल्या भावाच्या गुडघ्याला लोंबकळत होतं. बापानं चहाचा कप खाली ठेवला, उठून त्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि म्हणाला, "डोकं वर. वर बघ. आता शिर आत."